करडीचा रेडिएटर

"कुठे दुखतंय ते आधी बघू," असं म्हणत मावशीने गाडीचं बॉनेट वर केलं आणि एखाद्या गाभण गाईच्या पोटाला लावावा तसा तळहात रेडिएटरजवळ नेला. एकदा वर, एकदा खाली, एकदा डावीकडे. मग मान हलवली. "सगळीकडे सारखा ताप नाही."

"मावशी, रेडिएटर गरमच असतो," भाची म्हणाली. "त्याचं कामच ते आहे."

"ते मलाही कळतं गं शंकासुरा. गरम असू दे की. पण इथे गरम आणि इथे कोमट, हे कसं?"

मावशी जनावरांची डॉक्टर. उभा जन्म गोठ्यांमध्ये गेल्यामुळे तिला एक सवय लागली होती. जे बोलत नाही त्याला आधी हात लावायचा, मग मत बनवायचं. भाची नुकतीच पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन बाहेर पडली होती आणि नोकरी लागेपर्यंत मावशीकडे राहायला आली होती. तिची सवय उलटी होती. आधी आकडा हवा, मग बाकी बोला. दोघींचं सकाळपासून रात्रीपर्यंत खटकायचं आणि दोघींनाही त्यात भारी मजा यायची. 'शंकासुर' हे नाव मावशीनेच ठेवलेलं. चहात साखर किती, एवढ्या साध्या प्रश्नावरसुद्धा भाची "चमचा भरून की सपाट?" असं विचारायची, त्याचं ते फळ.

गाडीचं नाव करडी. रंग करडा, म्हणून नाव करडी. मागचं बाकडं काढून तिथे औषधांचे खण बसवलेले, छतावर दोरांची वेटोळी, मागच्या दारात खुरं साफ करायची हत्यारं. डोंगरावरच्या गोठ्यांकडे दर आठवड्याला मावशी हीच गाडी घेऊन जायची. पण गेल्या काही खेपांना अर्ध्या चढावर तापमानाचा काटा लाल पट्टीत जाऊन बसायला लागला होता. मागच्या वेळी तर वाफेचा लोट उठला आणि मावशीला एका दुधाच्या टेम्पोतून खाली यावं लागलं. ते सगळ्या दवाखान्याने पाहिलं.

तेव्हापासून दवाखान्यातला धाकटा डॉक्टर मागे लागला होता. "मॅडम, वरचा भाग मी घेतो की. महिन्यातून दोनदा मारीन चक्कर." पोरगा वाईट नव्हता. पण महिन्यातून दोनदा म्हणजे मधल्या दिवसांत अडलेल्या म्हशीने कुणाकडे बघायचं, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. त्यात भाचीच्या आईचा रोज फोन. "अगं, आता पुरे कर. वय काय, रस्ता काय! खाली बसून कुत्र्या-मांजरांना सुया टोच की." मावशी मोठ्या बहिणीला उलट बोलत नसे. ती फक्त "हो ताई, हो ताई" म्हणायची आणि फोन ठेवल्यावर जीभ बाहेर काढायची.

शेवटी तिनेच धाकट्या डॉक्टरला सांगून टाकलं होतं, "येत्या शनिवारी मी वर जाते. करडी चढली तर भाग माझा. नाही चढली तर तुझा, आणि मी एक अक्षर बोलणार नाही."

मावशी शब्दाची पक्की, बोलली की बोलली. म्हणजे शनिवारच्या आत रेडिएटरचा काय तो निकाल लागायला हवा होता, नाहीतर डोंगरावरचे गोठे मावशीच्या हातून जाणार होते.

"हात नको," भाची म्हणाली. "तुझा तो खुरांचा थर्मामीटर दे."

मावशीकडे पिस्तुलासारखा एक थर्मामीटर होता. दुरून रोखला की तापमान दाखवायचा. खूर आतून सुजलंय का ते ती त्याने पाहायची. रेडिएटर काळ्या रंगाचा होता म्हणून बरं, चकचकीत धातूवर हा थर्मामीटर सर्रास थापा मारतो. भाचीने डोळ्यांनीच रेडिएटरचे चौकोन पाडले आणि वरच्या कोपऱ्यापासून एकेक आकडा सांगायला सुरुवात केली. लिहायला कागद जवळ नव्हता. मावशीने जनावरांवर खूण करायचा निळा खडू काढला आणि दाराच्या काचेवर, जिथला आकडा तिथेच, लिहीत गेली. काच भरली तेव्हा दोघी दोन पावलं मागे सरल्या.

काही सांगायची गरजच नव्हती. वरच्या भागात मोठे आकडे, आणि खालच्या उजव्या बाजूला एक भलंमोठं बेट, जिथले आकडे एकदम निम्म्यावर आलेले.

"इथे पाणी पोचतच नाहीये," भाची म्हणाली. "नळ्या बुजल्यात. दर तीन नळ्यांमागे एक तरी बंद आहे."

"म्हणजे हे काही आतून बरं होणारं दुखणं नाही."

"नाही. बदलावाच लागेल."

मावशीने काचेवरच्या त्या बेटाकडे पुन्हा पाहिलं. "छान काढलंस हं चित्र," ती म्हणाली. तिने कौतुक केलं की ते असंच असायचं, तुटपुंजं आणि खरं. भाचीला दिवसभर पुरलं.

रेडिएटरवाल्याचं दुकान म्हणजे लांबच लांब एक खोली होती. दोन्ही भिंतींवर रेडिएटर असे टांगलेले, जसे कपड्यांच्या दुकानात कोट. मधोमध पाण्याचा हौद, त्याच्या कडेला गॅसची बत्ती, आणि सगळीकडे डाख लावल्याचा तिखट वास. स्वतः रेडिएटरवाला आडव्या अंगाचा आणि बोलायला त्याहून ऐसपैस. मावशीला तो चांगला ओळखत होता.

"या डॉक्टरबाई! आज कोणाला आणलंत? करडीला? मला वाटलं तिला पेन्शन मिळाली."

"तिला आधी मिळते की मला, त्याच शर्यतीत आहोत आम्ही."

"आणि या कोण?"

"भाची. हिला उत्तरं देताना जपून द्या. शास्त्र शिकून आलीये."

"अरे बापरे," रेडिएटरवाला म्हणाला आणि उगाचच हात पुसले.

त्याने रेडिएटर उतरवून घेतला आणि तीन रस्ते समोर मांडले. पहिला, नवाकोरा ॲल्युमिनियमचा, दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या. हलका, तयार, आजच्या आज बसेल. दुसरा, भंगारात गेलेल्या अशाच एका गाडीतून काढलेला, जुन्या बनावटीचा. तिसरा, करडीच्याच पितळी टाक्या ठेवून मधली जाळी, म्हणजे नळ्यांचा सगळा पडदा, तांब्या-पितळेचा नवा घालायचा. त्याला दोन दिवस लागणार होते.

"दुसरा नको," मावशी लगेच म्हणाली. "ज्याचा आजार माहीत नाही असं जनावर मी माझ्या गोठ्यात बांधत नाही."

भाचीचं मन पहिल्यावर बसलं होतं. तिने आदल्या दिवशी सगळा हिशोब मांडला होता. तांबं उष्णता जास्त चांगली वाहून नेतं हे खरं, पण ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद असतात, मधल्या पातळ पत्र्याच्या पंखांशी त्यांचा सांधा चांगला असतो, वजन निम्मं. शिवाय नवी वस्तू ती नवी वस्तू. आणि शनिवार तोंडावर आलेला. तिने हे सगळं मुद्देसूद सांगितलं. रेडिएटरवाल्याने मान डोलावली. "अहो, मी हेच विकत असतो दिवसभर. तुमच्याइतकं चांगलं मला सांगता येत नाही, एवढंच. बसवू का?"

"बसवा की," मावशी म्हणाली. "शंकासुराला शंका नाही म्हणजे प्रश्नच मिटला. पण एक करा. हा जुना आधी उघडा. कशाने मेला ते बघितल्याशिवाय मी कुणाला पुरू देत नाही."

रेडिएटरवाला हसला, पण त्याने बत्ती पेटवली. खालच्या टाकीचा सांधा तापवला, डाख वितळून चांदीसारखी ओघळली आणि टाकी सुटून आली. आतल्या नळ्यांची तोंडं दिसली. उजवीकडची बहुतेक सगळी तोंडं तपकिरी, घट्ट, रबरासारख्या कशाने तरी लिंपलेली होती.

त्याने चिमट्याने एक तुकडा उचलला आणि नाकाशी नेला. "गंज नाही हा. बाई, यात गळती बंद करायची पावडर घातली होती का कुणी?"

"मीच," मावशी म्हणाली. "पावसाळ्याआधी थेंब थेंब पाणी ठिबकत होतं. दुकानातून पुड्या आणल्या आणि घातल्या. गळती दुसऱ्या दिवशीच थांबली."

"किती घातल्या?"

"पाच."

"एकदम पाच?"

"नाही हो. रोज एक, पाच दिवस."

रेडिएटरवाल्याने चिमटा खाली ठेवला. "पण तुम्हीच म्हणताय, गळती दुसऱ्याच दिवशी थांबली होती."

"थांबली होती," मावशी म्हणाली. "पण बरं वाटलं म्हणून कोर्स अर्धवट..."

आणि ती वाक्याच्या मध्येच थांबली. भाचीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मावशीच्या डोळ्यांत आधी काहीच नव्हतं, मग अचानक सगळं होतं. ती हौदाच्या काठावर टेकली आणि असं हसायला लागली की तिला चष्मा काढावा लागला. रेडिएटरवाल्यालाही राहवेना. एक पुडी घालायची आणि विसरून जायचं, एवढं ते साधं काम. ते कोर्स म्हणून पुरं करायचं, ही गफलत करायला तीस वर्षं गोठ्यांत जाऊन "औषध मध्येच थांबवू नका" असं लोकांना बजावलेलं असावं लागतं.

"गाडीला प्रतिजैविकं दिली मी," मावशी डोळे पुसत म्हणाली. "आणि वर चांगली पेशंट म्हणून पाठही थोपटली असेल तिची."

दुसरं कुणी असतं तर इथे पावडर बनवणाऱ्याला शिव्या बसल्या असत्या. नाहीतर विषय बदलला असता, निदान मान तरी खाली गेली असती. मावशीने चष्मा पुन्हा चढवला आणि तिचा चेहरा एका क्षणात बदलला. गोठ्यात शिरल्यावर व्हायचा तसा झाला.

"एक सांगा," तिने रेडिएटरवाल्याला विचारलं. "एवढी पावडर काय फक्त इथेच येऊन बसली असेल? इंजिनात नसेल? हीटरच्या नळ्यांत?"

"असेलच की. सगळीकडे थोडी थोडी."

"मग मी नवा रेडिएटर बसवला तर?"

रेडिएटरवाल्याने डोकं खाजवलं. "इंजिन मी उलट्या बाजूने पाणी मारून धुऊन देतो. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतो. पण शंभर टक्के गाळ निघाला म्हणणार नाही. उरलेला गाळ पुढचे काही दिवस सुटत राहणार. आणि येऊन बसणार नव्याच्या नळ्यांत."

"आणि तो ॲल्युमिनियमचा उघडून साफ करता येतो?"

"प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात बाई. उघडला की गेला. पितळी मात्र हवा तितक्या वेळा उघडा. बत्ती लावा, साफ करा, परत डाख मारा."

दोघांनी भाचीकडे पाहिलं. भाचीचे आकडे चुकले नव्हते. पण ते सगळे स्वच्छ पाण्याच्या गाडीचे होते, आणि समोरची गाडी स्वच्छ पाण्याची नव्हती.

"तिसरा," भाची म्हणाली. "जाळी नवी घाला. टाक्या आपल्याच." मग जरा थांबून तिने विचारलं, "पण गाळ तर त्यातही जाऊन बसणारच ना? दर वेळी उघडत बसण्यापेक्षा तो आधीच अडवता नाही येणार? इंजिनातून गरम पाणी रेडिएटरकडे जातं त्या वरच्या पाइपात एखादी गाळणी घातली तर?"

"गाळणी?" रेडिएटरवाला म्हणाला.

"दूध काढायच्या यंत्राच्या नळीत असते बघ," मावशी म्हणाली. "स्टीलची, बारीक. उकळत्या पाण्यात धुतात ती, उष्णतेला काही होत नाही. दवाखान्यात दोन-तीन जुन्या पडल्यात."

"सपाट नको," भाची लगेच म्हणाली. "सपाट जाळी पटकन बुजेल आणि पाणी अडेल. टोपीसारखी, निमुळती. म्हणजे त्याच पाइपात जाळीचं क्षेत्रफळ कितीतरी जास्त बसेल."

"घ्या!" रेडिएटरवाला म्हणाला. "एक जण गाडीला औषध देते, दुसरी टोपी घालते. मी आपला डाख मारतो."

शनिवारी सकाळी नवी जाळी जागेवर होती. पितळी टाक्यांना काळा रंग दिलेला, आणि वरच्या पाइपात दुधाची टोपी. करडीने सपाट रस्ता हसत काढला. काटा मधोमध, मुंगीसारखा गप्प. भाचीने थर्मामीटर मांडीवर धरला होता, जसं कुणी मांजर धरावं.

चढ सुरू झाला. मावशी दुसऱ्या गिअरवर, शांतपणे. पहिली दोन वळणं गेली. पाइनच्या झाडांपाशी आल्यावर काटा हलला. आधी रेसभर. मग आणखी. लाल पट्टीला अजून अवकाश होता, पण तो निघाला होता तिकडेच.

भाचीने काट्याकडे बोट केलं. "मावशी."

"बघतेय मी."

"आणखी एक वळण आणि तो लालमध्ये जाईल."

"मग त्या वळणापर्यंत जायचंच नाही." मावशीने पुढच्या सपाट जागेवर गाडी बाजूला घेतली. तिचा हात चावीकडे गेला तेवढ्यात भाची ओरडली, "थांब! इंजिन बंद करू नको. अर्धाच मिनिट!"

ती बाहेर उडी मारून गेली, बॉनेट उचललं आणि थर्मामीटर रोखला. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. मग पाइपावर, रेडिएटरच्या अलीकडे आणि पलीकडे. ती आकडे मनातल्या मनात म्हणत होती आणि तिचा चेहरा हळूहळू उजळत होता.

"बंद कर!" तिने हाक दिली. मावशी खाली उतरून आली. "रेडिएटर सगळीकडे सारखा आहे. एकही बेट नाही. आणि तो हवा त्यापेक्षा थंडच आहे! म्हणजे दोष त्याचा नाही. त्याच्याकडे गरम पाणी पुरेसं येतच नाहीये."

"टोपी," मावशी म्हणाली.

"टोपी," भाची म्हणाली.

गरम पाइप उघडणं म्हणजे हात भाजून घेणं. दोघी रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिल्या. खाली दरीत धुकं होतं आणि वरून कुठूनतरी घंटा ऐकू येत होत्या, चरायला सोडलेल्या गुरांच्या गळ्यातल्या. भाचीला राहून राहून वाटत होतं की आपणच घातलेल्या गाळणीने मावशीचा भाग घालवला.

"मी क्षेत्रफळ कमी धरलं," ती म्हणाली. "गाळ एवढा असेल असं वाटलं नव्हतं."

"गाळ किती ते कुणालाच माहीत नव्हतं. तो मी टाकलेला, आणि मलाही माहीत नव्हतं." मावशीने बाटलीतलं पाणी पुढे केलं. "तोंड असं करू नको. गळू फुटलं की घाण बाहेर येणारच. आत राहिली असती तर बरं वाटलं असतं का तुला?"

पाइप निवल्यावर भाचीने तो आवळणारी पट्टी सैल केली आणि टोपी बाहेर ओढली. ती टोपी राहिलीच नव्हती. तपकिरी, चिकट गाळाने गच्च भरलेला एक गोळा झाला होता. मावशीने तो उन्हात धरला आणि लोक पोराचा पहिला दात बघतात तसा चारी बाजूंनी बघितला.

"हे सगळं जाळीत गेलं असतं," ती म्हणाली. "नव्या कोऱ्या जाळीत. शाब्बास गं."

त्यांनी टोपी बाटलीतल्या पाण्याने आणि जुन्या दातांच्या ब्रशने धुतली, पुन्हा बसवली, पट्टी आवळली, कमी झालेलं पाणी भरलं. इंजिन सुरू झालं. बाकीच्या चढावर काटा मधोमध येऊन जो बसला तो पुढच्या एकाही वळणावर हलला नाही. मागच्या वेळी जिथे वाफ उठली होती तो टप्पासुद्धा करडीने पुटपुटत, पण न थांबता काढला. भाचीने थर्मामीटर मागे औषधांच्या खणात ठेवून दिला.

वरच्या पहिल्या गोठ्याची मालकीण दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. "आज उशीर केलात बाई! मला वाटलं आता तो नवा डॉक्टर येतो की काय."

"वाटेत एक पेशंट होता," मावशी म्हणाली, आणि इतक्यात फोन वाजलाच. धाकटा डॉक्टर. मावशीने तो स्पीकरवर ठेवून गमबूट चढवायला घेतले.

"मॅडम, चढली का?"

"चढली. मध्ये एकदा काटा वर गेला, तेव्हा थांबून गाळणी साफ केली. पुढे सरळ वर आली." भाचीने मान वर केली. थांबल्याचं कुणालाही कळलं नसतं, आणि मावशीने ते पहिल्याच दमात सांगून टाकलं होतं.

"मग थांबली म्हणजे... ते चढण्यात धरायचं का?"

"तूच ठरव. मी आत्ता गोठ्याच्या दारात उभी आहे. पुढच्या शनिवारी तू माझ्याबरोबर ये, टोपीत किती गाळ येतो ते बघ. अर्धा झाला असेल, त्यापुढच्या खेपेला त्याच्याही अर्धा. नसला, तर भाग घेऊन जा, मी अडवणार नाही."

धाकटा डॉक्टर हसला. त्या हसण्यात आदरच जास्त होता. "नको मॅडम. बघायला येतो, पण भाग राहू द्या तुमच्याकडे. मला कुठे जमणार आहे दर आठवड्याला."

"बरं तर," मावशी म्हणाली आणि फोन खिशात टाकला. तिने बाही खांद्यापर्यंत वर सारली, लांब हातमोजा चढवला आणि गाभण राहिली का ते बघायचं होतं त्या पहिल्या गाईच्या पाठीवर हलकेच थाप दिली. भाचीने शेपूट बाजूला धरली. मावशीचा हात कोपरापर्यंत आत गेला, तिचे डोळे मिटले, आणि ती बोटांनी काहीतरी शोधत, मोजत, अगदी स्तब्ध उभी राहिली. भाची तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"आहे," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "तीन महिन्यांचं असेल. चांगलं आहे."